सौम्य आम्लात पॉलिइथर कीटोन: सरळ साखळी आणि फांद्यांची साखळी, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पॉलिइथर कीटोन घराण्यातली पॉलिमरं उष्णतेला, तेलाला आणि बहुतेक द्रावकांना दाद देत नाहीत. त्यातलं सर्वांत परिचित नाव म्हणजे पीईईके (पॉलिइथर इथर कीटोन): काचसंक्रमण तापमान (जिथे काचेसारखं कडक पॉलिमर मऊ पडायला लागतं) साधारण १४३ अंश सेल्सियस, वितळणबिंदू ३४३ च्या आसपास. पंपाच्या बेअरिंगपासून मणक्यात बसवायच्या इम्प्लांटपर्यंत त्याची ये-जा आहे. पण वापरताना ज्या गुणांचं कौतुक होतं, तेच गुण बनवताना आडवे येतात. कशातच न विरघळणारी साखळी वाढता वाढता द्रावणातून बाहेर पडली, की तिची वाढ तिथेच थांबते. म्हणजे पहिला प्रश्न अभिक्रियेचा नसून द्रावकाचा असतो.

कारखान्यात पीईईके बनतं ते हायड्रोक्विनोनचं क्षार आणि डायफ्लुओरोबेंझोफिनोन, डायफेनिल सल्फोनमध्ये ३०० अंशांच्या आसपास तापवून. प्रयोगशाळेत नवख्या माणसाने तिथून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. दुसरा रस्ता फ्रीडेल-क्राफ्ट्स अ‍ॅसिलेशनचा. इथे इथरशेजारचं बेंझिनचं वलय आणि एक आम्लगट एकमेकांना जोडले जाऊन कीटोन तयार होतो. हे काम अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडने होतं, पण तयार झालेला प्रत्येक कीटोन एकेका अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडला धरून ठेवतो, त्यामुळे ते उत्प्रेरकाच्या चिमटीत पुरत नाही, ढिगाने लागतं. आम्ल क्लोराइड वापरलं तर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि शेवटी पॉलिमरमधून अ‍ॅल्युमिनियम धुऊन काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं. हायड्रोजन फ्लुओराइड आणि बोरॉन ट्रायफ्लुओराइडची जोडी उत्तम काम करते, पण ती हाताळायची साधनं साध्या प्रयोगशाळेत नसतात, आणि नसलेलीच बरी.

या लेखात तिसरा रस्ता घेतला आहे: पॉलिफॉस्फोरिक आम्ल, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत पीपीए, आणि त्यात घातलेलं फॉस्फरस पेंटॉक्साइड. इवाकुरा आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्येच पॅरा-फिनॉक्सीबेंझॉइक आम्लापासून पीपीएमध्ये पॉलिकीटोन बनवलं होतं. १९७३ मध्ये ईटनने मिथेनसल्फोनिक आम्लात फॉस्फरस पेंटॉक्साइड विरघळवून (वजनाने १० ला १) तोच हेतू साधणारं पातळ मिश्रण सुचवलं. पुढे उएदाने ते पॉलिमरसाठी वापरलं, आणि २००३ च्या सुमारास बेक आणि टॅन यांनी पीपीएमध्ये जास्तीचं फॉस्फरस पेंटॉक्साइड घालून १३० अंशांवर सरळ आणि अतिशाखीय (फांद्यांना पुन्हा फांद्या फुटलेली) अशी दोन्ही प्रकारची पॉलिइथर कीटोन बनवण्याची पद्धत बसवली. खालची कृती त्याच धाटणीची आहे.

सौम्य कशाच्या मानाने?

आम्लाची ताकद मोजायची हॅमेट फलनाची मोजपट्टी आहे. आकडा जितका ऋण, तितकं आम्ल जबर. शंभर टक्के सल्फ्युरिक आम्ल साधारण उणे १२ वर बसतं, आणि त्याच्या पलीकडच्यांना महाआम्ल म्हणतात. ट्रायफ्लुओरोमिथेनसल्फोनिक आम्ल उणे १४ च्या आसपास, मिथेनसल्फोनिक आम्ल उणे ८ च्या आसपास. पीपीएसारखी माध्यमं महाआम्लांच्या या रांगेत येत नाहीत. त्यांचा गंज कमी, साखळीची मोडतोड कमी आणि नको तिथे होणारी जोडाजोड कमी, म्हणून त्यांना सौम्य म्हणायचं. तुमच्या कातडीला आणि डोळ्यांना मात्र हे सौम्य नाही. १३० अंशांवरचं पीपीए अंगावर उडालं तर ते चिकटून बसतं आणि एकाच वेळी भाजतं आणि खातं. चेहऱ्यावर पूर्ण ढाल, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा कोट आणि फ्यूम हुडची काच खाली: यातलं एकही गाळायचं नाही.

सौम्यपणाची किंमतही मोजावी लागते. महाआम्ल कीटोनला पूर्णपणे प्रोटॉन देऊन साखळी द्रावणात टिकवून धरतं, पीपीए तितकं करत नाही. म्हणून कोणता मोनोमर (साखळीचा सुटा दुवा) घ्यायचा याला इथे जास्त महत्त्व येतं.

सगळ्यात आधी पाण्याचा हिशोब

नवे विद्यार्थी पीपीएला उत्प्रेरक समजतात. इथे ते उत्प्रेरक आहे, द्रावक आहे आणि पाणी शोषणारंही तेच आहे. कार्बोक्झिलिक आम्लगट आधी फॉस्फोरिक साखळीशी मिश्र अ‍ॅनहायड्राइड बनवतो, त्यातून अ‍ॅसिलियमसारखा इलेक्ट्रॉनचा भुकेला कार्बन तयार होतो, आणि इथरच्या ऑक्सिजनमुळे इलेक्ट्रॉनने समृद्ध झालेलं वलय आपल्या पॅरा स्थानावरून त्याला पकडतं. प्रत्येक जोडणीमागे पाण्याचा एक रेणू निघतो. हे पाणी पीपीएमधली फॉस्फरस-ऑक्सिजन-फॉस्फरस साखळी तोडून टाकतं. जसजशी ही साखळी आखूड होते, तसतसा नवीन आम्लगट जागा करण्याची आम्लाची क्षमता घटते. पॉलिमरला सर्वांत जास्त गरज शेवटच्या टक्क्यांत असते, आणि नेमकं तेव्हाच माध्यम थकलेलं असतं.

शेवटचे टक्के एवढे का महत्त्वाचे, ते कॅरदर्सच्या साध्या सूत्रात दिसतं. जोडण्या ९५ टक्के झाल्या तर साखळीची सरासरी लांबी २० मोनोमर. ९९ टक्के झाल्या तर १००. ९९.५ टक्के झाल्या तर २००. साध्या सेंद्रिय रसायनशास्त्रात ९५ टक्के उतारा आला तर माणूस खूश होतो. इथे ९५ टक्के म्हणजे ठिसूळ भुकटी.

आता आकडे मांडू. शुद्ध फॉस्फोरिक आम्लात फॉस्फरस पेंटॉक्साइडचं प्रमाण ७२.४ टक्के धरलं जातं. बाजारात मिळणाऱ्या एका प्रतीच्या पीपीएमध्ये ते ८३ टक्के असतं. ८० ग्रॅम पीपीएमध्ये २० ग्रॅम फॉस्फरस पेंटॉक्साइड घातलं, म्हणजे वजनाने चाराला एक, तर एकूण १०० ग्रॅममध्ये फॉस्फरस पेंटॉक्साइड ८६.४ ग्रॅम होतं. त्यात ५ ग्रॅम फिनॉक्सीबेंझॉइक आम्ल टाकलं (रेणुभार २१४.२) तर पूर्ण अभिक्रियेत ०.४२ ग्रॅम पाणी सुटेल आणि प्रमाण ८६.० टक्क्यांवर येईल. काहीच बिघडलं नाही. तेच २० ग्रॅम मोनोमर टाकलात तर १.६८ ग्रॅम पाणी, प्रमाण ८५.०. आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड न घालता नुसत्या १०० ग्रॅम पीपीएमध्ये २० ग्रॅम मोनोमर घेतलात तर शेवटी ८१.६. हे शेवटचं माध्यम आणि पहिलं माध्यम यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कोणतीही नवी कृती हाती घेताना हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर करा, मगच तराजूकडे जा.

याच हिशोबात बाहेरचं पाणीही येतं. उघडी राहिलेली पीपीएची बाटली हवेतून ओल ओढते. लेबलवरचा ८३ टक्के हा आकडा बाटली पहिल्यांदा उघडली त्या दिवशी खरा असतो.

मोनोमर: साखळी सरळ की फांद्यांची, हे इथेच ठरतं

फ्लास्क तोच, आम्ल तेच, तापमान तेच. पॉलिमरचा आकार ठरतो तो मोनोमरवर किती हात, म्हणजे जोडले जाणारे गट, आहेत आणि कोणते, यावरून. आम्लगटाला ए म्हणू, आणि अ‍ॅसिलेशन घेऊ शकणाऱ्या फिनॉक्सी वलयाला बी.

एका रेणूवर एक ए आणि एक बी असला की सरळ साखळी मिळते. दोन उमेदवार आहेत: ४-फिनॉक्सीबेंझॉइक आम्ल आणि ३-फिनॉक्सीबेंझॉइक आम्ल. पहिल्यापासून सगळ्या जोडण्या पॅरा असलेलं, ताठ आणि स्फटिकमय पीईके (एकाआड एक इथर आणि कीटोन असलेलं पॉलिमर) मिळतं. दुसऱ्यातून मेटा जोडण्यांमुळे वाकडीतिकडी साखळी मिळते, जी आम्लात जास्त वेळ विरघळलेली राहते. पहिल्या खेपेला ३-फिनॉक्सीबेंझॉइकच घ्या. पॅरा मोनोमरची साखळी थोडी वाढली की स्फटिक होऊन बाहेर पडू बघते, आणि मग चूक तुमची की पॉलिमरची, हे नवख्याला कळत नाही.

अशा एबी मोनोमरचा मोठा फायदा म्हणजे ए आणि बी यांचं प्रमाण आपोआप एकास एक राहतं. मात्र अशुद्धी माफ होत नाही. दर १०० मोनोमरमागे एक रेणू असा असला की ज्याला एकच हात आहे, तर अभिक्रिया कितीही पूर्ण होवो, साखळीची सरासरी १०० च्या पुढे जाणार नाही. म्हणून मोनोमर पुन्हा स्फटिकीकरण करून, निर्वातात वाळवून, वितळणबिंदू एक-दोन अंशांच्या आत बसतो का हे बघूनच वापरा.

फांद्यांसाठी एक ए आणि दोन बी असलेलं ३,५-डायफिनॉक्सीबेंझॉइक आम्ल, किंवा उलट, एक फिनॉक्सी आणि दोन आम्लगट असलेलं ५-फिनॉक्सीआयसोफ्थॅलिक आम्ल. अशा मोनोमरपासून जाळं बनून सगळं घट्ट होत नाही, हे पॉलिमरशास्त्रज्ञ फ्लोरीने १९५२ मध्येच दाखवलं होतं. प्रत्येक रेणूवर एकच मूळगट (त्या प्रकारचा एकुलता गट) असल्यामुळे झाड कितीही वाढलं तरी ते झाडच राहतं.

तिसरा एक प्रकार स्वस्त म्हणून मोहात पाडतो: ट्रायमेसिक आम्ल आणि डायफेनिल इथर, म्हणजे तीन हातांचा एक आणि दोन हातांचा एक, दोन्ही सहज मिळणारे. इथे जाळं बनण्याचा धोका खरा आहे. दोन्ही गट समान संख्येने घेतले तर फ्लोरी-स्टॉकमायर सिद्धांतानुसार सुमारे ७१ टक्के जोडण्यांवरच सगळं जेल होतं. दोन्ही रेणू मोलमध्ये समान घेतले, म्हणजे आम्लगट जास्त ठेवले, तर इथरच्या हातांपैकी सुमारे ८७ टक्के वापरले जाईपर्यंत सवड मिळते. सराव झाल्यावर हा प्रयोग करायला हरकत नाही. आधी नाही.

साहित्य

२५० मिलिलिटरचा, झाकण वेगळं निघणारा रुंद तोंडाचा रेझिन फ्लास्क. चुंबकीय स्टरर इथे कुचकामी आहे. जास्त टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) ओव्हरहेड मोटर आणि टेफ्लॉनचं आवरण असलेला पोलादी दांडा हवा. काचेचा दांडा वापरू नका, शेवटच्या तासांत तो मोडतो आणि पॉलिमरमध्ये काच मिसळते. कोरडा नायट्रोजन आत यायची आणि बाहेर जायची वाट, बाहेरच्या वाटेवर तेलाचा बबलर. तेलाचं तापपात्र आणि तापमानाचा सेन्सर तेलात नव्हे, शक्यतो मिश्रणातच. गरम पीपीए काचेला हळूहळू खातं. १३० अंशांवर एक-दोन दिवसांत फार नाही, पण फ्लास्कची चमक कालांतराने जाते हे धरून चला, आणि ओरखडे पडलेला फ्लास्क घेऊ नका.

प्रत्यक्ष कृती

पहिली पायरी: पीपीए तोलणं. थंड पीपीए डांबरासारखं असतं, चमच्याने घ्यायला गेलात तर निम्मं चमच्यालाच राहतं. बंद बाटली ६० ते ८० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा म्हणजे ते ओतता येतं. फ्लास्क तराजूवर ठेवून सरळ त्यातच ८० ग्रॅम ओता. एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे झालं तर चालतं, बाटली लगेच बंद करणं जास्त महत्त्वाचं.

दुसरी पायरी: नायट्रोजन सुरू करा, ढवळणी लावा, तापमान १०० अंशांपर्यंत न्या आणि ५ ग्रॅम मोनोमर थोडा थोडा टाका. मोनोमरची भुकटी पृष्ठभागावर तरंगून भिंतीला चिकटते. चिकटलेला भाग अभिक्रियेत येत नाही, म्हणून तो लांब टेफ्लॉनच्या पट्टीने खाली ढकला. मग १३० अंशांवर दोन-तीन तास ढवळा. या वेळात सगळं विरघळून एकजीव दिसलं पाहिजे. रंग पिवळा, नारिंगी किंवा लालसर होईल. तो प्रोटॉन मिळालेल्या कीटोनचा रंग आहे, जळल्याची खूण नाही. पाण्यात ओतल्यावर तो बराचसा निघून जातो.

तिसरी पायरी: फॉस्फरस पेंटॉक्साइड. ही पांढरी भुकटी पाणी दिसलं की फुसफुसते आणि तापते. तिची धूळ घशात गेली तर चांगलीच लागते. २० ग्रॅम कोरड्या, झाकणाच्या बाटलीत झटपट तोला. नायट्रोजनचा प्रवाह वाढवा आणि दोन-तीन भागांत आत टाका, दोन भागांमध्ये आधीचा भाग मिसळू द्या. सगळं सुरुवातीलाच का टाकत नाही? कारण मोनोमर विरघळण्याआधी माध्यम घट्ट झालं तर गठळ्या होतात. भुकटी टेबलावर सांडली तर ओलं फडकं लावायचं नाही. कोरडी वाळू टाकून झाडून घ्यायची. कातडीवर पडली तर आधी कोरडी झटकायची आणि मग भरपूर पाणी.

चौथी पायरी: वाट बघणं. १३० अंशांवर २४ ते ४८ तास. तापमान वाढवून वेळ वाचवायचा मोह होतो, पण १५० च्या पुढे नको त्या स्थानांवर अ‍ॅसिलेशन व्हायला लागतं, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि न विरघळणारं जेल हाती येतं. कमी तापमानावर माध्यम इतकं घट्ट राहतं की साखळीची टोकं एकमेकांना भेटतच नाहीत. १३० हा या दोन्हींमधला तडजोडीचा आकडा आहे.

सरळ साखळीच्या बाबतीत प्रगती डोळ्यांना दिसते. काही तासांनी ढवळणीचा आवाज बदलतो, मग मिश्रण दांड्याभोवती गुंडाळून वर चढायला लागतं. याला वाइसेनबर्ग परिणाम म्हणतात, आणि लांब साखळ्या तयार होत असल्याची ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. या वेळी वेग कमी करा, नाहीतर सगळा गोळा दांड्यावर जाऊन फ्लास्क रिकामा होतो आणि वरचा भाग थंड पडतो. मोटारवर टॉर्कचा आकडा दिसत असेल तर दर काही तासांनी लिहून ठेवा. तो वाढायचा थांबला, म्हणजे पुढे थांबण्यात अर्थ नाही.

पाचवी पायरी: बाहेर काढणं. मोठ्या बीकरमध्ये ८०० मिलिलिटर थंड डिस्टिल्ड पाणी जोरात ढवळत ठेवा आणि गरम मिश्रण त्यात बारीक धारेने सोडा. उलटं कधीच करू नका; गरम पीपीएमध्ये पाणी ओतलं तर ते उसळतं. चांगली साखळी झाली असेल तर पाण्यात तंतू पडतात. दांड्याला चिकटलेला गोळा दांड्यासकट पाण्यात बुडवून रात्रभर ठेवा, सकाळी तो पांढुरका आणि ताठ झालेला असतो, मग कात्रीने तुकडे करून मिक्सरमधून काढा. तुकडे बारीक केल्याशिवाय आतलं आम्ल बाहेर येत नाही.

धुणं हा अर्धा प्रयोग आहे

बहुतेक लोक इथे घाई करतात आणि पुढे महिनाभर विचित्र आकडे समजावून घेत बसतात. पॉलिमरच्या आत अडकलेलं फॉस्फोरिक आम्ल नुसत्या गाळण्याने जात नाही. गाळून, गरम पाण्याने धुऊन, नंतर सॉक्सलेटमध्ये (तेच द्रावक उकळून पुन्हा पुन्हा नमुन्यावर सोडणारं काचेचं साधन) आधी पाण्याने आणि मग मिथेनॉलने, प्रत्येकी दोन-तीन दिवस. पाणी आम्ल काढतं, मिथेनॉल न जुळलेला मोनोमर आणि छोटे तुकडे काढतं. मग निर्वातात १०० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा; सोय असेल तर फ्रीझ ड्रायर जास्त चांगला, कारण भुकटी मोकळी राहते.

उतारा तपासा. ५ ग्रॅम मोनोमरमधून पाणी वजा जाता जास्तीत जास्त ४.५८ ग्रॅम पॉलिमर मिळू शकतं. वजन ४.९ आलं तर आनंद नको, आम्ल किंवा पाणी अजून आत आहे. पुन्हा सॉक्सलेट.

काय मिळालं, हे कसं कळणार

अवरक्त वर्णपट सर्वांत आधी घ्या. जोडलेल्या कीटोनचा पट्टा १६५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास येतो, मोनोमरच्या आम्लगटाचा त्याच्या वर, १६८० ते १७०० कडे. सरळ साखळीत वरचा पट्टा जवळपास नाहीसा झाला पाहिजे.

साखळीची लांबी मोजायला विस्कोमेट्री, म्हणजे द्रावणाचा दाटपणा मोजणं. नमुना आम्लात विरघळवून, ०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर, ३० अंशांवर, उबेलोड नळीत. इथे एक गफलत होते. हात आपोआप संहत सल्फ्युरिक आम्लाकडे जातो, कारण पीईईकेच्या लेखांमध्ये ते दिसतं. पण सल्फ्युरिक आम्ल इलेक्ट्रॉनने समृद्ध वलयावर सल्फोनिक गट बसवतं. साखळीच्या आतल्या, कीटोनच्या शेजारच्या वलयांना त्याचा फारसा त्रास होत नाही, पण टोकाच्या मोकळ्या फिनॉक्सी वलयांना होतो. सरळ साखळीला असं टोक एकच असतं, फरक कळणारही नाही. ३,५-डायफिनॉक्सीबेंझॉइकपासून केलेल्या शाखीय पॉलिमरमध्ये मात्र जितके मोनोमर त्याहून एक जास्त अशी मोकळी टोकं असतात. ते सल्फ्युरिक आम्लात टाकलंत तर तुम्ही मोजता ते वेगळंच पॉलिमर. दोन्हींसाठी मिथेनसल्फोनिक आम्ल वापरा, म्हणजे तुलनाही करता येते.

डीएससीवर (तापवताना उष्णतेची देवाणघेवाण मोजणारं यंत्र) मेटा पॉलिमरचं काचसंक्रमण दिसेल. दुसऱ्या वेळच्या तापवण्याचा आलेख धरा, पहिल्यात साठलेली ओल आणि ताण मिसळलेले असतात. टीजीएमध्ये (तापवताना वजन मोजणारं यंत्र) १०० ते २०० अंशांमध्येच वजन घटायला लागलं तर पॉलिमरला दोष देऊ नका. ओल धरून ठेवणारं फॉस्फोरिक आम्ल राहिलंय.

फांद्यांच्या पॉलिमरला वेगळी नजर लागते

कृती तीच, फक्त मोनोमर बदलायचा. पण खुणा बदलतात, आणि पहिल्यांदा करणारा इथेच गोंधळतो. अतिशाखीय रेणू गोलसर असतात, एकमेकांत फारसे गुंतत नाहीत, त्यामुळे रेणुभार वाढला तरी मिश्रण त्या मानाने पातळच राहतं. दांड्यावर चढणं नाही, टॉर्क वाढणं नाही, पाण्यात तंतू नाहीत, भुकटी पडते. हे अपयश नव्हे. विस्कोमेट्रीतला आकडाही छोटा येतो. जीपीसीवर (रेणूंना आकारमानाने वेगळं करणारं तंत्र) पॉलिस्टायरिनच्या मानकांवर मोजलेला रेणुभारही खऱ्यापेक्षा कमी दिसतो, कारण तेवढ्याच वजनाचा शाखीय रेणू जागा कमी व्यापतो.

मग थांबायचं कधी? डायफिनॉक्सी मोनोमर असेल तर अवरक्तातला आम्लगटाचा पट्टा पूर्वीसारखाच नाहीसा व्हायला हवा, कारण अख्ख्या झाडाला एकच आम्लगट उरतो. पण ५-फिनॉक्सीआयसोफ्थॅलिकमध्ये हा नियम लावला तर फसाल. तिथे मोनोमरगणिक दोन आम्लगट, जोडणीत खर्च होतो एक. म्हणजे पॉलिमर पूर्ण झाल्यावरही जवळपास निम्मे आम्लगट टोकांवर शिल्लक असतात आणि पट्टा दिमाखात दिसत राहतो. तिथे ४८ तासांचा वेळ धरून चाला, आणि मधूनमधून काढलेल्या छोट्या नमुन्यांची विस्कोमेट्री एकमेकांशी ताडून बघा.

शाखीयतेचं परिमाण काढायला फ्रेशेच्या गटाने १९९१ मध्ये दिलेलं सूत्र चालतं: पूर्ण फुटलेली आणि टोकाची एककं यांची बेरीज, भागिले सगळी एककं. एक ए आणि दोन बी असलेला मोनोमर कसाही स्वैर जुळला तर उत्तर ०.५ च्या आसपास येतं. एनएमआरमध्ये हे गट वेगळे ओळखता आले तरच हा आकडा छापा; ओढूनताणून काढलेला आकडा नसलेलाच बरा.

बिघडलं तर

मिश्रण घट्टच होत नाही आणि पॉलिमर पिठासारखं ठिसूळ येतं: दहापैकी नऊ वेळा मोनोमरची शुद्धता किंवा ओल खाल्लेलं पीपीए. नवीन बाटली घेण्याआधी मोनोमर तपासा. मिश्रण अचानक गढूळ होऊन मग काहीच हलत नाही: साखळी द्रावणाबाहेर पडली आहे, पॅरा मोनोमर असेल तर हे अपेक्षित आहे, त्यात थोडा मेटा मिसळा. धुतल्यावर न विरघळणारे तुकडे राहतात: तापमान वर गेलं असावं, मिश्रणातला सेन्सर आणि तेलातला सेन्सर यांच्यातला फरक बघा. धुतल्यावरही गडद तपकिरी रंग: नायट्रोजनची वाट तपासा.

कचरा

गाळलेल्या पाण्यात बहुतेक सगळं फॉस्फोरिक आम्ल असतं. सोडियम बायकार्बोनेट घालत असाल तर फार हळू, मोठ्या भांड्यात, कारण फेस बीकरबाहेर येतो. चुन्याच्या निवळीऐवजी चुन्याची पातळ कालवणी घातली तर कॅल्शियम फॉस्फेट खाली बसतं आणि गाळून काढता येतं. फॉस्फेट नाल्यात सोडणं म्हणजे पुढच्या तळ्यात शेवाळ वाढवणं, म्हणून ते संस्थेच्या कचऱ्याच्या डब्यातच जाऊ द्या. मिथेनॉल वेगळा गोळा करा. फ्लास्क आधी कोमट पाण्यात भिजवा; तरीही चिकटून राहिलेलं पॉलिमर थोड्या मिथेनसल्फोनिक आम्लाने सुटतं.

पुढचा प्रयोग

सरळ मेटा पॉलिमर आणि पूर्ण शाखीय पॉलिमर दोन्ही हाती आले की त्यांच्या मधलं करून बघा. एकूण २५ मिलिमोल मोनोमर धरा: ९५ टक्के ३-फिनॉक्सीबेंझॉइक, म्हणजे ५.०९ ग्रॅम, आणि ५ टक्के ३,५-डायफिनॉक्सीबेंझॉइक, म्हणजे ०.३८ ग्रॅम. दोन्हींवर आम्लगट एकच असल्याने जाळं बनायची भीती नाही. आम्ल तेवढंच, १०० ग्रॅम. दोन्ही मोनोमर आधी कोरडेच खलात एकत्र करून घ्या, म्हणजे फांद्या साखळीभर पसरतील, एकाच कोपऱ्यात जमणार नाहीत. मग टॉर्कचा आलेख पहिल्या प्रयोगाच्या आलेखावर ठेवून बघा, आणि ५ टक्क्यांवर फरक दिसला तर १० आणि २० टक्केही करा.